परवडणारे भिंग

'परवडणे' हे मराठीतले मोठे मानी क्रियापद आहे. "माझ्याजवळ पैसे नाहीत," असे म्हणताना माणसाची मान खाली जाते; "मला परवडत नाही," असे म्हणताना ती जागच्या जागी राहते. बाजारात भाजीवाली आपल्याला हेच सांगते, आपण तिला हेच सांगतो, आणि दोघांचीही अब्रू शाबूत राहून सौदा पुढे सरकतो. शिवाय हा शब्द केवळ पैशापुरता नाही. घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, "भावाभावांत अबोला परवडायचा नाही." तिथे रुपयांचा संबंध कुठे आला? म्हणून मला अलीकडे असे वाटू लागले आहे, की हा शब्द खिशात किती आहे हे विचारीतच नाही. दिल्यानंतर आपल्यापाशी काय उरेल, एवढेच तो विचारतो.

या शब्दाचा एवढा कीस काढण्याचे कारण म्हणजे एक भिंग. दुकानाच्या भाषेत लेन्स. माझा एक जुना विद्यार्थी घाटकोपरच्या डोंगरउतारावरील वस्तीत राहतो. वडील मुलुंडच्या एका मोठ्या इमारतीत रात्रपाळीचे वॉचमन. आई दिवाळीत चकल्या-करंज्यांच्या ऑर्डरी घेते. मुलाला फोटोग्राफीचा नाद. मामाने आपला वापरलेला कॅमेरा भाच्याला दिला आणि त्यासोबतची साधी लेन्सही दिली. ही लेन्स दिवसाउजेडी बरी; पण संध्याकाळ झाली, घरात ट्यूबलाइट लागली, की तिच्यातून माणसे पुसट येऊ लागतात. चकल्यांच्या पैशांतून आईने बारा हजार रुपये बाजूला ठेवले होते. फोर्टातल्या एका दुकानात दोन लेन्स त्याच्यापुढे आल्या: एक दहा हजारांच्या घरातली, दुसरी लाखाजवळची. दुसरीसाठी महिन्याच्या हप्त्यांची सोय होती. "सर, कोणती घेऊ?" असे त्याने मला विचारले. मी वर्गात व्याकरण शिकवणारा माणूस! पण आपल्याकडे मास्तरांना काहीही विचारण्याची रीत अजून टिकून आहे, आणि कोणी विचारले की मास्तरांना अभ्यास करावाच लागतो.

अभ्यासातून जे कळले ते असे. कॅमेऱ्यासोबत मिळणारी लेन्स बहुधा 18 ते 55 मिलिमीटरची असते. ती पुढेमागे करता येते, पण तिच्या लांबच्या टोकाला प्रकाश आत येण्याचे छिद्र एफ 5.6 पेक्षा मोठे होत नाही. हा आकडा उलटा वाचायचा. आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे. दहा हजारांची लेन्स 50 मिलिमीटरची, एफ 1.8 ची. ती पुढेमागे होत नाही, पण तिच्यातून सुमारे दहापट प्रकाश आत येतो. ज्या खोलीत साध्या लेन्सला सेकंदाचा सहावा भाग लागतो, तिथे हिला साठावा भाग पुरतो. सेकंदाच्या सहाव्या भागात चकली पाडणारा हात हलतो आणि चित्रात नुसती सावली उरते. साठाव्या भागात तो हात हातासारखा दिसतो.

मग एवढी गुणी वस्तू स्वस्त का? याचे उत्तर मला फार आवडले. जर्मनीत त्साइस कंपनीत पाउल रुडॉल्फ नावाच्या गृहस्थाने 1896 साली 'प्लानर' नावाचे सहा काचांचे भिंग आखले. त्या काळी त्याचा फारसा उपयोग झाला नाही. काच आणि हवा यांच्या सीमेवर प्रत्येक ठिकाणी थोडा प्रकाश परतून चित्र फिके पडे. 1935 साली त्याच कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर पातळ लेप देण्याची युक्ती काढली आणि पुढे त्या जुन्या आराखड्याला नवे आयुष्य मिळाले. आजची दहा हजारांची लेन्स त्याच घराण्यातली आहे. तिचे गणित केव्हाच सुटून गेले. जगभर ती फार मोठ्या संख्येने बनते. शरीर प्लॅस्टिकचे असले तरी काचा प्रामाणिक आहेत. स्वस्त म्हणजे हलके, ही समजूत इथे खोटी पडते. पुष्कळांनी पुष्कळ वर्षे डोके झिजवून एखादे ज्ञान सर्वांचे केले, म्हणजेही वस्तू स्वस्त होते. शाळेतली पाटी अशीच स्वस्त होती.

अर्थात दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी पाहाव्याच लागतात. नवशिक्यांच्या बहुतेक कॅमेऱ्यांत प्रकाश झेलणारी पट्टी लहान असते, त्यामुळे 50 ची लेन्स तिथे 75 किंवा 80 सारखी वागते. दहा बाय बाराच्या खोलीत फोटो काढणारा भिंतीला टेकतो, तरी समोरचे सगळे कुटुंब चौकटीत मावत नाही. अशा घरासाठी 35 ची लेन्स बरी, जरी ती थोडी महाग पडते. म्हणून घरातली साधी लेन्स एक आठवडा 35 वर आणि एक आठवडा 50 वर ठेवून पाहावी. आपल्या पायांना कोणती मानवते ते फुकटात कळते. जुनी लेन्स घ्यायची तर मोबाइलचा टॉर्च लावून आरपार पाहावे. मुंबईच्या पावसाळ्यात लोणच्याला लागते तशी काचेलाही बुरशी लागते, आणि ती कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून लेन्स ठेवली, तर ती टिकते. निकॉनच्या काही जुन्या लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, आणि त्यांच्याच काही स्वस्त कॅमेऱ्यांतही ती नसते. तेव्हा पत्रिका जुळल्याशिवाय सोयरीक करू नये.

परंतु मुलाचा प्रश्न एवढ्याने सुटत नव्हता. त्याच्या मनात लाखाची लेन्स होती, आणि तिच्यात मोह होता तसे थोडे सत्यही होते. ती खरोखर चांगली आहे. तेव्हा त्याच्या आईने एकच प्रश्न विचारला. "ही महागाची घेतलीस तर गाडीच्या गर्दीत नेशील का रे? पावसात बाहेर काढशील?" मुलगा गप्प राहिला. सकाळी सव्वाआठच्या गाडीत घाटकोपरला चढताना माणूस स्वतःलाच कसाबसा सांभाळतो, तिथे हप्ते न फिटलेली लाखाची काच कोण सांभाळणार? ती कपाटात राहील आणि मुलगा तिच्यावर लक्ष ठेवील. त्याचे वडील रात्रभर दुसऱ्याच्या इमारतीची राखण करतात. मुलाने स्वतःच्या पैशांनी स्वतःसाठी आणखी एक राखणदारी विकत घ्यावी काय?

मला वाटते, परवडण्याची खरी कसोटी त्या माउलीने सांगितली. जी वस्तू वापरताना चुकण्याची भीती वाटत नाही, ती परवडली. जिच्यापायी चूक करणेच महाग पडते, ती खिशातून पैसे देता आले तरी परवडलेली नाही. शिकणाऱ्याला तर चुकण्यावाचून दुसरी वाटच नाही. मुलांच्या निबंधाच्या वह्या तपासताना मी हे रोज पाहतो. कोऱ्या, महागड्या वहीत मूल जपून, गिरवून, दुसऱ्याचीच वाक्ये लिहिते. रफ वहीत मात्र त्याचे स्वतःचे वाक्य सापडते.

एके काळी ही भीती फिल्मच्या रिळात असे. बडोद्याला बनणारा अ‍ॅग्फा क्लिक थ्री हा पेटीवजा कॅमेरा पुष्कळ मराठी घरांत होता. त्यात 120 क्रमांकाचे रीळ घालायचे आणि अवघे बारा फोटो मिळायचे. बारशाचे चार, मुंजीचे चार, उरलेले कुणी पाहुणे आले तर! कॅमेरा आवाक्यातला, पण फोटो महाग; म्हणून सगळी माणसे श्वास रोखून ताठ उभी. आज फोटो फुकट झाला आहे. हजार चुकले तरी पुसता येतात. भीती मात्र गेली नाही. ती रिळातून निघून काचेच्या किमतीत जाऊन बसली. इतक्या वर्षांनी हाती आलेले चुकण्याचे स्वातंत्र्य हप्त्यांच्या पावतीवर सही करून परत देणे, हे मला शहाणपणाचे वाटत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. दादासाहेब फाळके यांनी काय केले? 1912 साली विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले, तिथे विल्यमसन कॅमेरा विकत घेतला, आणि 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. त्यांनी परवडण्याचा विचार केला असता तर? प्रश्न रास्त आहे. पण तेव्हा त्यांचे वय बेचाळीस वर्षांचे होते. चित्रकला, छायाचित्रण आणि छपाई यांत त्यांच्या उमेदीची वर्षे गेली होती. पुष्कळ चुका करून झाल्यावर त्यांनी कर्ज केले. चुका शिकण्यासाठी नव्हे. आणि तो मोलाचा कॅमेरा घरी आल्यावर त्यांनी सुरुवातीच्या दिवसांत टिपले ते काय? कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचा वाढता कोंब! रोज एक चित्र, असे महिनाभर. वाटाणा काही महाग नव्हता; महाग होती ती रोज न चुकता त्याच्यापुढे बसण्याची चिकाटी.

दुसरा आक्षेप मी स्वतःच घेतो. "अंथरूण पाहून पाय पसरावे," ही म्हण बहुधा लांबरुंद अंथरूण असलेल्यांनीच प्रचारात आणली असावी. गरिबाच्या मुलाला समाधानाचा उपदेश करणे फार सोपे असते. त्यात आपला एक पैसाही जात नाही. म्हणून स्वस्त लेन्स सर्व कामांना पुरते, असे खोटे मी त्याला सांगितले नाही. थंडीत ठाण्याच्या खाडीवर रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे उतरतात. 50 च्या लेन्सने ते टिपू गेल्यास पाण्यावर गुलाबी ठिपके तेवढे मिळतील. त्यासाठी लांब पल्ल्याची लेन्स लागते, ती महाग असते, आणि ती हवीशी वाटणे हा काही लोभ नव्हे. गरिबाच्या मुलाचा त्या पक्ष्यांवर इतरांइतकाच हक्क आहे. माझे म्हणणे इतकेच, की तो हक्क पुढेही राहतो. आणि तिथवर चालत जायचे तर पहिल्याच पावलाला पायात बेडी नसावी.

शिवाय जवळच्या लेन्सचा एक संस्कार आहे. लांब पल्ल्याच्या लेन्सने दुरूनच, न विचारता, कुणाचाही चेहरा उचलून आणता येतो. 50 ची लेन्स तशी सवलत देत नाही. कोळणीचा फोटो हवा तर टोपलीपर्यंत जावे लागते, "मावशी, काढू का?" असे विचारावे लागते, आणि ती "नको" म्हणाली तर मुकाट्याने परतावे लागते. आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा थोर छायाचित्रकार बहुतेक आयुष्य 50 मिलिमीटरच्याच लेन्सने माणसे टिपत राहिला. तो कलावंत निराळा, आपण निराळे. पण माणसाजवळ जाऊन त्याची परवानगी घेण्याचे धडे दहा हजारांत मिळत असतील, तर ती शिकवणी महाग नाही.

मुलाने 50 ची घेतली. उरलेल्या पैशांतून डबा आणि पुड्या आल्या, आणि बाकीचे आईच्या हातात परत गेले. त्याचे फोटो चांगले येतात की नाही, हे मी इथे सांगणार नाही. निम्म्याहून अधिक अजून बिघडतात, आणि तो ते हसत दाखवतो. मला त्यातच समाधान आहे.

दिवाळीत घरोघरी फराळाची धांदल असते. पहिल्या घाण्यातले अनारसे हसतात, चकली तेलात मोडते, मोहन कमी की जास्त याची चर्चा होते, आणि तो बिघडलेला घाणा मुले आनंदाने फस्त करतात. दुसरा घाणा साधतो तो पहिल्यामुळे. पहिला बिघडला तरी घराचे काही अडत नाही, एवढीच सामग्री सुगरण सुरुवातीला भिजवते. यालाच मी परवडणे म्हणतो.