शांतिगीत, अश्रू आणि आज्ञार्थ

एखादी ख्यातनाम गायिका शांततेची आस व्यक्त करणारे गीत उत्कटतेने गाते, समोरच्या समुदायाचे डोळे पाणावतात, काही क्षण सर्वांना आपण एकमेकांच्या जवळ आल्यासारखे वाटते, आणि सभा विसर्जित होते. या अनुभवाला कलानुभव म्हणावे, राजकीय कृती म्हणावे, की दोहोंचीही जबाबदारी टाळणारी एक सोयीची भावविवशता म्हणावे? समीक्षेत हा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही. समूहगीत, प्रचारगीत, सभेत गायिले जाणारे गीत यांना कलाविचाराच्या परिघावर ठेवण्याची आपली सवय त्याला कारणीभूत असावी. परंतु कलेच्या नैतिकतेचा प्रश्न सर्वांत उघड्या स्वरूपात समोर येतो तो अशा परिघावरच. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद असे कलाविचाराचे जे दोन ध्रुव मानले, त्यांच्यातील ताण शांतिगीतासारख्या प्रकारात अक्षरशः एकाच श्वासात अनुभवास येतो.

या प्रश्नाचा विचार एका प्रत्यक्ष घटनेच्या आधारे करणे श्रेयस्कर ठरेल. ४ नोव्हेंबर १९९५ रोजी, शनिवारी रात्री, तेल अवीवमधील 'इस्रायलचे राजे' या नावाच्या चौकात शांततेच्या बाजूने आणि हिंसाचाराच्या विरोधात प्रचंड सभा भरली होती. एक लाखाहून अधिक लोक जमले होते, असे सामान्यतः मानले जाते. सभेच्या अखेरीस गायिका मिरी अलोनी यांनी 'शीर लाशालोम', म्हणजे 'शांततेसाठी गीत', हे प्रसिद्ध हिब्रू गीत गायिले. पंतप्रधान यित्झाक राबिन आणि परराष्ट्रमंत्री शिमॉन पेरेस त्यांच्या सोबतीने गात होते. राबिन यांना शब्द पाठ नव्हते. गीताचा छापील कागद त्यांच्या हातात होता. गाणे झाल्यावर तो कागद घडी करून त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. काही मिनिटांतच, मंचामागील जिना उतरून मोटारीकडे जात असताना, ओस्लो कराराला विरोध असलेल्या एका ज्यू तरुणाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पुढे जगाने जो कागद पाहिला, तो रक्ताने माखलेला होता.

हे गीत मुळात सभेसाठी रचलेले नव्हते, आणि त्याची जन्मकथा त्याच्या अर्थाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. १९६९ साली, सुवेझ कालव्याच्या काठी इजिप्तशी झिजवणुकीचे युद्ध चालू असताना, याकोव्ह रोटब्लिट यांनी ते लिहिले. रोटब्लिट १९६७ च्या युद्धात लढले होते आणि त्यात त्यांनी एक पाय गमावला होता. संगीत याईर रोझेनब्लूम यांचे. आणि गाणारा संच म्हणजे इस्रायली सैन्याचेच 'नहाल' हे मनोरंजन पथक. त्या मूळ गायनातही प्रमुख स्वर मिरी अलोनी यांचाच होता. त्या वेळी त्यांनी विशीही ओलांडली नव्हती. सैन्याच्या गणवेशातील मुलामुलींनी सैनिकांसमोर गायिलेले हे गीत काही सेनाधिकाऱ्यांना रुचले नाही. आपल्या अधिकारक्षेत्रात त्यांनी त्याला मज्जाव केला. हा आक्षेप अगदीच अडाणी होता असे मात्र म्हणता येत नाही. गीतात नेमके काय स्फोटक आहे, हे त्या अधिकाऱ्यांना नंतरच्या अनेक रसिकांपेक्षा अधिक कळले होते.

ते स्फोटक द्रव्य गीताच्या व्याकरणात आहे. या गीतातील वक्ता मृत सैनिक आहे. विजयाचा आनंद किंवा स्तुतिस्तोत्रे आपल्याला परत आणू शकत नाहीत, असे तो जिवंतांना बजावतो. पुटपुटत प्रार्थना करण्यापेक्षा मोठ्या आवाजात गा, असे सांगतो. आणि शांततेचा दिवस उगवेल असे म्हणत बसणाऱ्यांना, तो दिवस तुम्हीच आणा, असा आदेश देतो. म्हणजे शांततेची आशा व्यक्त करणारे गीत म्हणून जे जगभर ओळखले जाते, ते वस्तुतः आशेविषयी संशय व्यक्त करणारे गीत आहे. मराठीच्या परिभाषेत बोलायचे तर 'शांती नांदो' आणि 'शांती आणा' या दोन वाक्यांतील हा भेद आहे. पहिल्या वाक्याला कर्ता शांती हीच आहे. बोलणारा आणि ऐकणारा दोघेही तिची वाट पाहणारे. दुसऱ्यात कर्ता 'तुम्ही' आहात, आणि म्हणून जबाबदारीही तुमची. संस्कृत वैयाकरणांनी आशीर्वादार्थक लिङ् हा आज्ञा आणि विधी यांपासून वेगळा काढला, त्यामागे केवळ रूपसिद्धीची सोय नव्हती. आशीर्वचनात इष्टाची सिद्धी वक्त्याच्या आणि श्रोत्याच्या सामर्थ्याबाहेर आहे, हे गृहीतच असते.

येथे मराठी वाचकाला 'पसायदान' आठवणे अपरिहार्य आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, पूर्ण झालेल्या ग्रंथाच्या अखेरचे ते मागणे संपूर्णतः आशीर्वचनाच्या वृत्तीचे आहे. रोटब्लिट यांच्या गीताच्या मापाने मोजले तर ते 'नुसती प्रार्थना' ठरेल. पण हे माप अपुरे आहे. ज्ञानदेवांच्या मागण्यात दुष्टांचा नाश मागितलेला नाही, त्यांच्यातील वाकडेपण जावे असे मागितले आहे. म्हणजे जो दुसऱ्या बाजूला आहे, त्यालाही त्या मागण्यात जागा आहे. मृत सैनिकाच्या आज्ञेत ही जागा नाही. तो आपल्याच लोकांशी बोलतो. प्रार्थनेची व्याप्ती आणि आज्ञेची जबाबदारी एकाच रचनेत येणे इतके दुर्मिळ का असावे, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आता अश्रूंकडे वळू. १७५८ साली दालांबेरला लिहिलेल्या रंगभूमीविषयक पत्रात रूसोने घेतलेला आक्षेप आजही निरुत्तर करणारा आहे. रंगमंचावरील दुःखाला आपण अश्रू देतो तेव्हा माणुसकीचे सारे देणे फेडल्याचे समाधान आपल्याला मिळते, आणि पदरचे काहीच खर्च होत नाही. फेरे येथील ज्या जुलमी सत्ताधीशाला स्वतःच्या हुकमाने रोज मरणाऱ्यांच्या किंकाळ्या विचलित करीत नव्हत्या, तो नाटकातील अँड्रोमकीच्या दुःखाने हेलावत असे, हे उदाहरण रूसोने मुद्दाम दिले आहे. शांतिगीताला हा आक्षेप दुप्पट लागू पडतो, कारण त्याचा विषय काल्पनिक नसतो. चौकात गहिवरलेला नागरिक दुसऱ्या दिवशी राखीव सैनिक म्हणून वेस्ट बँकमधील तपासणी नाक्यावर उभा राहू शकतो, आणि त्याला त्यात कसलीच विसंगती जाणवू नये, एवढे सामर्थ्य अश्रूंत निश्चितच आहे.

कॉलिंगवुडने 'द प्रिन्सिपल्स ऑफ आर्ट' (१९३८) मध्ये केलेला भेद येथे काहीसा उपयोगी पडतो. रंजनप्रधान 'कला' भावना जागवते आणि त्याच लटक्या परिस्थितीत तिचा निचरा करते. जादूसदृश 'कला' भावना जागवून ती व्यवहाराकडे वळवते, जसे जनित्रातील वीज यंत्राकडे जाते. देशभक्तिगीते, संचलनगीते ही या अर्थाने जादू होत. कॉलिंगवुडच्या मते यांपैकी एकही खरी कला नव्हे. पण जादू समाजाला आवश्यक असते, हे त्याने मान्य केले आहे. 'शीर लाशालोम' हे जादूच्या वर्गात पडावे, अशी त्याची स्वतःचीच मागणी आहे. परंतु एखाद्या रचनेने कोणत्या वर्गात पडावे, हे ती रचना ठरवू शकत नाही. तेच शब्द, तीच चाल, एका श्रोत्यात यंत्राला जाऊन मिळते, दुसऱ्यात जमिनीत मुरते. कॉलिंगवुडची विभागणी रचनांची आहे. प्रश्न मात्र श्रोत्यांचा आहे.

भारतीय रसविचार श्रोत्याकडे अधिक बारकाईने पाहतो. शांतिगीत म्हटले की शांतरस असा समज होणे स्वाभाविक असले, तरी तो चुकीचा आहे. अभिनवगुप्ताच्या शांताचा स्थायी तत्त्वज्ञान हा आहे. तेथे विषयांची ओढच शमलेली असते. रोझेनब्लूम यांच्या चालीत त्या काळच्या आंग्ल-अमेरिकी रॉक संगीताचा जोम आहे, टाळ्यांचा ठेका आहे. तिचा स्थायी उत्साह आहे. 'नागानंदा'तील जीमूतवाहनाचा रस शांत की दयावीर, हा जुना वाद आठवल्यास, शांतिगीताचे स्थान दयावीराच्या जवळपास निश्चित करावे लागेल.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा साधारणीकरणाचा. रसास्वादाच्या क्षणी भाव हा माझा, शत्रूचा किंवा तटस्थाचा अशा संबंधांतून सुटतो, असे भट्टनायकापासूनची परंपरा सांगते. यातील शत्रूचा उल्लेख आपण सहसा घाईने वाचून पुढे जातो. वास्तविक शांतिगीताची खरी कसोटी तोच शब्द आहे. मृत सैनिकाचा शोक शत्रूच्या संबंधातूनही सुटला, तर नाब्लुसमधील आईलाही तो आपला वाटू शकला पाहिजे. हिब्रूत, सैन्यपथकाच्या स्वरात, १९६७ च्या विजयानंतर दोन वर्षांनी गायिलेल्या गीताकडून ही अपेक्षा करणे योग्य आहे काय? बहुधा नाही. पण मग त्या चौकात जे घडले, ते साधारणीकरण नव्हे, तर स्वकीयांचे एकत्रीकरण होते, हे मान्य करावे लागते. आणि त्या रात्रीचा खरा वैरी तर स्वकीयांतलाच होता. गीत त्याच्याही कानांवर पडले असणार. विघ्न म्हणून रसशास्त्राने जे जे सांगितले, त्यात निर्धार करून आलेल्या श्रोत्याचा समावेश नाही.

गाणाऱ्याच्या प्रामाणिकपणाविषयी दिदरोचे मत प्रसिद्ध आहे: नटाला स्वतःला जितके कमी जाणवेल, तितका तो प्रेक्षकाला अधिक हलवू शकेल. सव्वीस वर्षांच्या सरावानंतर अलोनी यांच्या स्वरातील कंप कितपत ताजा होता, हा प्रश्न त्या न्यायाने गैरलागू ठरतो. कंप श्रोत्यांपर्यंत पोचला, एवढे पुरे. पण शेजारी कागद पाहून, संकोचाने, सुराशी फारसे सख्य नसलेल्या आवाजात गाणाऱ्या राबिन यांचे काय? त्यांच्या गायनाला दिदरोचे माप लावता येत नाही, कारण ते अभिनय करीतच नव्हते. १९६७ च्या युद्धात ते सरसेनापती होते. १९८७ च्या अखेरीस सुरू झालेला पॅलेस्टिनी उठाव कठोरपणे दडपणारे संरक्षणमंत्रीही तेच. त्याच सभेतील भाषणात त्यांनी आपण सत्तावीस वर्षे सैनिक होतो आणि शांततेची संधी नव्हती तोवर लढलो, असे सांगितले होते. अशा माणसाचे गाणे भावनेची अभिव्यक्ती म्हणून ऐकणे चूक आहे. ते सहीसारखे ऐकले पाहिजे. १९९३ च्या कराराच्या प्रसंगीही त्यांच्या देहबोलीत अवघडलेपण होते, हे चित्रफितींत दिसते. सही करणाऱ्याला गहिवर आला होता की नाही, हे कोणी विचारत नाही. तो सहीला बांधील राहतो की नाही, हे विचारले जाते. सार्वजनिक गायनातील सच्चेपणा अंतःकरणाच्या अवस्थेत शोधण्याऐवजी या बांधिलकीत शोधला, तर त्या मंचावरील दोन आवाजांपैकी बेसूर आवाजाला अधिक नैतिक वजन प्राप्त होते. यात कलावतीचा अवमान नाही. सुरेल आवाजाने बेसूर आवाजाला सहीसाठी जागा करून दिली, हे तिचे कार्यही लहान नव्हे.

बांधिलकीची ही कसोटी गोळ्यांनी अर्धवट सोडवली. ६ नोव्हेंबरच्या अंत्यसंस्कारात राबिन यांचे निकटचे सहकारी एतान हाबेर यांनी तो रक्तलांछित कागद हाती घेऊन त्यावरील शब्द वाचले. त्या क्षणी गीताचे व्याकरण बदलले. आज्ञा स्मारक झाली. ज्या गीताने स्तुतिस्तोत्रे नाकारली, ते स्वतःच स्तोत्र झाले. ज्या गीतातील मृत वक्ता रचनेची एक युक्ती होता, त्याला आता चेहरा आणि नाव मिळाले. युक्ती म्हणून तो सर्व मृतांचा प्रवक्ता होऊ शकत होता. नाव मिळताच तो एकाचा झाला. त्यानंतरच्या दिवसांत चौकात मेणबत्त्या लावून रडणारी, तेच गीत गाणारी तरुण मुले साऱ्या जगाने पाहिली. त्यांचे दुःख खोटे नव्हते. मात्र मे १९९६ च्या निवडणुकीत पेरेस एक टक्क्याहूनही कमी फरकाने पराभूत झाले. मधल्या काळात फेब्रुवारी-मार्चमध्ये झालेल्या आत्मघातकी बाँबस्फोटांचा त्यात मोठा वाटा होता. निकालाचे खापर अश्रूंवर फोडणे हा रूसोच्या युक्तिवादाचा अतिरेक होईल. तरीही ज्या दिवशी आज्ञा पाळण्याचे साधन प्रत्येकाच्या हातात मतपत्रिकेच्या रूपाने होते, त्या दिवशी ती पाळली गेली नाही, ही नोंद राहतेच. ऑक्टोबर २०२३ मधील हमासचा हल्ला आणि त्यानंतर गाझात हजारोंच्या संख्येने झालेले मृत्यू यांच्या पार्श्वभूमीवर हे गीत ऐकणे दोन्ही बाजूंना आणखी अवघड झाले आहे.

मिरी अलोनी यांचे २०२२ च्या अखेरीस निधन झाले. उत्तरायुष्यात त्या तेल अवीवमधील नहलात बिन्यामिन या बाजाररस्त्यावर उभ्या राहून गात असत. मंच नव्हता, शेजारी सत्ताधीश नव्हते. पिशव्या घेऊन जाणारे लोक थांबत किंवा न थांबता पुढे जात.