दिवाळे आणि दिवाळीची पोस्त

दिवाळे निघालेल्या पेढीच्या मुनिमाने दिवाळीची पोस्त मागितली, तर कुठल्याही बाजारपेठेत त्याला कोणी दारात उभे करणार नाही. मार्च २००९ मध्ये अमेरिकेत मात्र तशी पोस्त रीतसर वाटली गेली, आणि जिच्या करातून ती भागली त्या रयतेला कराराच्या पावित्र्यावर प्रवचन ऐकावे लागले.

एआयजी ही विम्याची अवाढव्य कंपनी. इतरांची कर्जे बुडाल्यास आपण भरपाई करू अशी हमी तिच्या एका विभागाने बड्या बँकांना विकली, त्या हमीचे हप्ते वर्षानुवर्षे नफा म्हणून जमेस धरले, आणि शब्द पाळण्याचा प्रसंग आला तेव्हा तिजोरीत त्यापुरती गंगाजळी नव्हती. सप्टेंबर २००८ मध्ये फेडरल रिझर्व्हने ८५ अब्ज डॉलर कर्जाऊ देऊन तिला सावरले; पुढे मदतीची मर्यादा १८२ अब्जांवर गेली. त्याच विभागातील मंडळींना सुमारे साडेसोळा कोटी डॉलर मिळाले, तेही त्यांनी नोकरी सोडून जाऊ नये म्हणून! न्यूयॉर्कचे महाधिवक्ता अँड्र्यू क्युओमो यांनी दप्तर तपासले, तेव्हा दहा लाख वा त्याहून अधिक डॉलर घेणाऱ्या ७३ जणांपैकी ११ जण केव्हाच निघून गेले होते.

करार मोडू नयेत, हे मला मान्य आहे. परंतु सरकारने हात दिला नसता, तर हेच करार दिवाळखोरीच्या न्यायालयात इतर घेणेकऱ्यांच्या रांगेत तिष्ठत राहिले असते. आणि त्याच हंगामात मोटार कारखान्यांना कर्ज देताना कामगारांनी आपले वेतनकरार नव्याने ठरवावेत अशी अट घातली गेली, त्या वेळी ते पावित्र्य कोणाला आठवले नाही.

प्रतिनिधिगृहाने ३२८ विरुद्ध ९३ मतांनी या रकमांवर नव्वद टक्के कर मंजूर केला. मोजकी माणसे हेरून मागाहून बसवलेला असा कर मलाही रुचत नाही. सिनेटने तो पुढे नेलाच नाही. २०१२ अखेर सरकारी पैसा नफ्यासह वसूल झाला हे खरे. परंतु पोस्त वाटली त्या दिवशी ते भाकीत कोणाच्याही पदरी नव्हते. पडझडीनंतर सरकारच्या सांगण्यावरून एक डॉलर पगारावर आलेले प्रमुख एडवर्ड लिडी यांना, लाख डॉलरांहून अधिक घेणाऱ्यांनी निदान निम्मे परत करावेत, अशी विनवणी करावी लागली. काहींनी पैसे परत केले, काहींनी केले नाहीत.