न छळण्याचं श्रेय

मस्जिद बंदरच्या हातगाड्यांमधून वाट काढत सॅम्युएल स्ट्रीटवर गेलं की शारे रहमिम हे सिनेगॉग लागतं. कंपनी सरकारच्या फौजेतल्या सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ साली ते सुरू केलं. मुंबईतलं हे पहिलं सिनेगॉग. बेने इस्रायली त्याला ‘मशीद’ म्हणायचे, त्यावरूनच स्टेशनला नाव पडलं, असं अनेकजण सांगतात.

या भागात ज्यू वारसा बघत फिरताना एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘आपल्याकडे ज्यूंना कधी त्रास झाला नाही.’ पोर्तुगीजांच्या गोव्यातलं इन्क्विझिशन वगळलं, तर ते बऱ्याच अंशी खरंही आहे. मला खटकतो त्यामागचा अभिमान. एखाद्याला न छळणं हा सद्गुण कधीपासून झाला? ती तर माणुसकीची पहिली पायरी.

कोकणात बेने इस्रायलींना ‘शनिवार तेली’ म्हणत. तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे, म्हणून. या नावात मला दोन गोष्टी दिसतात. गावाने त्यांचा शब्बाथ मानला, हे मोठंच. पण त्याच गावाने त्यांना जातीच्या उतरंडीत एक खणही नेमून दिला. आणि उतरंड संसर्गजन्य असते. पुढे त्यांच्यातच ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे भेद झाले, त्यांच्यात सोयरीक होत नसे. बगदादहून आलेल्या श्रीमंत ज्यूंपैकी अनेकजण तर बेने इस्रायलींना आपल्या बरोबरीचे ज्यू मानायलाच तयार नव्हते.

त्या बगदादी ज्यूंपैकी डेव्हिड ससून यांनी १८६१ मध्ये भायखळ्याला मागेन डेव्हिड सिनेगॉग बांधलं. त्यांच्या दानशूरपणाचं कौतुक करताना चीनशी चाललेला त्यांचा अफूचा व्यापार विसरून चालत नाही. आज त्याच आवारातल्या शाळेत बहुतांश मुलं मुस्लिम आहेत. जगात इतरत्र या दोन समाजांबद्दल काय ऐकू येतं, ते आठवलं की हे दृश्य मला कुठल्याही फलकापेक्षा जास्त सांगतं.

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्रायली इस्रायलला गेले. तिथेही त्यांच्या ज्यू असण्यावर शंका घेतली गेली आणि लग्नाच्या हक्कासाठी त्यांना आंदोलन करावं लागलं. तरी ते मराठी बोलत राहिले.

शनिवारी घाणा बंद असलेला चालवून घेतला, त्याचं श्रेय त्या गावकऱ्यांचं. ते आपल्याला वारशाने मिळत नाही. आपला हिशोब वेगळा मांडावा लागेल: भाडेकरूचं आडनाव ऐकून ‘फ्लॅट गेला’ म्हणणाऱ्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये आपण काय बोलतो, यावरून.