लाज कोणाची?

घरात चोरी झाली तर लोक विचारतात, चोर कोण? पण एखाद्या बाईने इंटरनेटवर ओळख झालेल्या माणसावर विश्वास ठेवला आणि त्याने तिची पुंजी लुबाडली, तर लोक तिलाच विचारतात, 'तू एवढी भोळी कशी?' नुकसान दोघांचेही झाले. मग एकाच्या वाट्याला सहानुभूती आणि दुसरीच्या वाट्याला उपहास, असे का? हा प्रश्न कायद्याचा आहेच, पण त्याहून अधिक तो आपल्या नीतीचा आहे.

या फसवणुकीची रीत आता ठरून गेली आहे. विवाह जुळवणाऱ्या संकेतस्थळावर किंवा फेसबुकवर परदेशातला डॉक्टर, इंजिनिअर किंवा जहाजावरचा अधिकारी भेटतो. फोटो दुसऱ्याच कुणाचा असतो. रोज ख्यालीखुशाली विचारली जाते, आजारपणात धीर दिला जातो, लग्नाची बोलणी होतात. कित्येक आठवडे पैशाचा शब्दही निघत नाही. मग एक दिवस महागडी भेटवस्तू पाठवल्याचे कळते आणि पाठोपाठ विमानतळावरच्या 'कस्टम अधिकाऱ्या'चा फोन येतो. पार्सल अडकले आहे, एवढी रक्कम भरा. ती भरली की आणखी कर, मग दंड, मग अटकेची भीती. यात केवळ अविवाहित मुली सापडतात असेही नाही. विधुर, घटस्फोटित, निवृत्त पुरुषही सापडतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे २०२२ साली प्रेमाच्या नावाने लुबाडले गेल्याच्या सुमारे ७० हजार तक्रारी आल्या. त्यांत नोंदलेले नुकसान १.३ अब्ज डॉलर होते. म्हणजे भोळेपणा ही काही आपल्याच मोहल्ल्याची मक्तेदारी नाही.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. मराठीत 'धोका' म्हणजे संकट, उर्दूत त्याचा अर्थ फसवणूक. उर्दूत कुणी 'धोका देतो' आणि कुणी 'धोका खातो'. मराठीत कुणी फसवतो आणि कुणी फसतो. गंमत अशी की दोन्ही भाषांत जिचे नुकसान झाले तीच वाक्याची कर्ती होते. 'ती फसली' या वाक्यात फसवणारा आहे कुठे? ज्याने सारे केले तो वाक्यातून निसटतो आणि जिच्यावर बेतले ती एकटी उभी राहते. या धंद्यातल्या चिनी टोळ्यांनी तर त्याला 'डुक्कर पोसून कापणे' अशा अर्थाचे नाव दिले. जगभरच्या वर्तमानपत्रांनीही ते उचलले. डिसेंबर २०२४ मध्ये इंटरपोलने हे नाव सोडून द्यावे असे आवाहन केले. असल्या नावामुळे बळी पडलेला माणूस अधिकच शरमतो आणि तक्रार करायला पुढे येत नाही, हे त्यामागचे कारण.

कायदा याबाबतीत समाजापेक्षा शहाणा आहे. संगणकाच्या मदतीने दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-डी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८ आहे. पूर्वी ज्याला लोक 'चारसोबीस' म्हणत, तोच हा गुन्हा. फसलेला माणूस हुशार होता की भोळा, असा प्रश्न या कलमातल्या व्याख्येत कुठेच नाही. फसवणाऱ्याची नियत काय होती, एवढेच ती विचारते.

अडचण आहे ती गुन्हेगारापर्यंत पोहोचण्याची. बोलणारा एका देशात, फोनचा नंबर दुसऱ्या देशाचा आणि पैसे जातात ते तिसऱ्याच कुणाच्या खात्यात. कित्येकदा हे खाते चार पैशांसाठी भाड्याने दिलेले असते, एखाद्या गरजू मजुराचे किंवा विद्यार्थ्याचे. तिथून रक्कम काही तासांत पुढे सरकते. म्हणून १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन केला तर ती वाटेत रोखली जाण्याची शक्यता असते. पण हेच तास 'लोक काय म्हणतील' या विचारात जातात. आपला उपहास अशा रीतीने गुन्हेगाराच्या उपयोगी पडतो.

कुणी म्हणेल, लोभाशिवाय माणूस फसत नाही. काही वेळा ते खरे आहे. दामदुपटीच्या आमिषाला भुलणारे आहेतच. पण अडचणीतल्या माणसाला जी पैसे पाठवते, तिच्या लोभाला नव्हे, दयेला गळ टाकलेला असतो. आपल्या घरांत 'अमानतीत खयानत' हा शब्दप्रयोग लहान मुलांनाही ठाऊक असतो. खयानत करणारा गुन्हेगार, हे आपण जाणतो. अमानत सोपवणाऱ्याला कुणी गुन्हेगार ठरवत नाही. विश्वास हीदेखील अमानतच नाही काय?

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितले की म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख माणसे अशा फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबलेली असावीत. नोकरीच्या आशेने गेलेल्या या तरुणांचे पासपोर्ट काढून घेतात आणि काम नाकारले तर मारहाण करतात. मार्च २०२५ मध्ये भारताने हवाई दलाच्या विमानांतून ५४९ नागरिकांना तिकडून परत आणले. म्हणजे गोड बोलणारा कधी कधी स्वतःच कैदी असतो. याने तिचे दुःख कमी होत नाही, आणि स्वखुशीने हा धंदा करणाऱ्याची सुटकाही होत नाही. मात्र दोषाचा हिशेब मांडताना अड्डा चालवणारा मालक विसरून चालणार नाही.

सावध राहायलाच हवे. ज्याला प्रत्यक्ष पाहिले नाही त्याला पैसे पाठवू नयेत, हे मुलामुलींना शाळेत शिकवले पाहिजे आणि वडीलधाऱ्यांनाही सांगितले पाहिजे. पण ही शिकवण आधी द्यायची असते. नुकसान झाल्यानंतर दिलेली शिकवण म्हणजे नुसता टोमणा. त्या वेळी तिच्याजवळ बसावे, तक्रार लिहायला मदत करावी आणि तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जावे. लाज फसवणाऱ्याची आहे. ती तिच्या दारात नेऊन टाकण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?