वल्ह्याला धूर नसतो

माझा मामेभाऊ बोटीवर आहे. कोकणात एवढे सांगितले की पुढचे कोणी विचारत नाही. त्याचे प्रवासी जहाज उन्हाळ्यात अलास्काला जाते आणि जुनो या गावी थांबते. मागच्या मोसमात त्याला तिथे काही तासांची सुट्टी मिळाली. बाकीचे बाजारात गेले. हा दोन सोबत्यांना घेऊन मेंडेनहॉल हिमनदीच्या तळ्यात कायाक चालवायला गेला. कायाक म्हणजे दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने हाकायची अरुंद, हलकी होडी. रात्री फोनवर सांगत होता, "बाजी, पाणी कसं, तर दुधात राख कालवल्यासारखं. आणि खरं सांगतो, बर्फ बोलतो!"

राख म्हणजे हिमनदीने सरकता सरकता दळलेले खडकाचे पीठ. आणि बोलणे म्हणजे बर्फात कोंडलेल्या हवेचे बुडबुडे. बर्फ पाण्यात वितळू लागला की ते तडतड फुटतात आणि फार जुनी हवा मोकळी होते. हे मी भूगोलाच्या तासाला सांगत आले. त्याने ते कानांनी ऐकले. मला त्याचा हेवा वाटला, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात मी मोठ्या कौतुकाने ही हकीकत सांगितली. पाण्यावरच्या हिमखंडाचा मोठा हिस्सा पाण्याखाली असतो, तो अचानक उलटू शकतो. हिमनदीचा कडा तुटला तर लाट उठते, म्हणून होडी लांब ठेवावी लागते, हेही सांगितले. मुले खूश. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "टीचर, ते तळं आधीपासून होतं का?"

नव्हते. शंभर वर्षांपूर्वी त्या जागी बर्फच होता. हिमनदी मागे हटली, १९३० च्या सुमारास तिच्या तोंडाशी पाणी साचू लागले आणि त्याचे तळे झाले. माझ्या भावाने जिथे वल्हे मारले ती जागा म्हणजे हिमनदीने सोडलेले घर. अलास्कातल्याच पोर्टेज हिमनदीची गोष्ट तर आणखी विचित्र आहे. ती निवांत पाहता यावी म्हणून १९८६ साली तळ्याकाठी खास इमारत उभारली. काही वर्षांतच हिमनदी डोंगराच्या वळणाआड गेली. आता इमारतीतून ती दिसत नाही. पाहायची तर होडीने तळे ओलांडायचे. होडी जाते ती वितळलेल्या बर्फाच्या वाटेनेच.

मग जावे की न जावे? सुशिक्षित माणसाला हा प्रश्न पडू लागला आहे, आणि अशा प्रवासाला 'शेवटच्या संधीचे पर्यटन' असे नावही मिळाले आहे. कायाकवाला म्हणेल, माझ्या वल्ह्याला धूर नसतो. खरे आहे. पण त्या वल्ह्यापर्यंत पोहोचायचे कसे? जुनोला बाहेरून जाणारी सडकच नाही. जहाजाने जा, नाहीतर विमानाने. सुमारे बत्तीस हजार वस्तीच्या त्या गावात अलीकडे एका मोसमात सोळा लाखांहून जास्त प्रवासी जहाजांनी येतात.

"माझ्या एकटीच्या जाण्याने काय होते?" ही पळवाट मीही शोधली. पण डर्क नॉट्झ आणि ज्युलिएन स्ट्रोव्ह या शास्त्रज्ञांनी २०१६ साली हिशेब मांडला: एक टन कार्बन डायऑक्साइडमागे उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रावरचा सुमारे तीन चौरस मीटर उन्हाळी बर्फ नाहीसा होतो. हा समुद्रावरचा बर्फ, हिमनदीचा नव्हे. तरी 'एकटीचे' माप त्यातून कळते. एका सतरंजीएवढे.

दुसरी बाजू सांगते, पाहिल्याशिवाय माया कशी लागेल? आजाऱ्याच्या भेटीला उर्दूत 'अयादत' म्हणतात. तिचा शिरस्ता असा की थोडा वेळ बसावे, घरच्यांवर भार टाकू नये. हा दाखला मला आधी आवडला होता. पण आपण गेल्याने हिमनदीला दोन घास जास्त जात नाहीत; उलट आपल्या येण्यानेच ताप चढतो. परत आलेली माणसे नंतर कमी विमाने चढतात का, याचीही मला शंका आहे. फोटो मात्र पुष्कळ येतात.

खरे आजारी शोधायचे तर खालच्या वस्तीत पाहावे. मेंडेनहॉलच्या कुशीतली एक लहान हिमनदी आटली आणि तिच्या जागी खोलगट राहिला. त्यात पाणी साचते, मोठ्या हिमनदीचा बर्फ ते अडवून धरतो, आणि २०११ पासून ते बर्फाखालून वाट काढून नदीत धावू लागले. ऑगस्ट २०२३ मध्ये काठावरची घरे नदीत कोसळली. २०२४ मध्ये सुमारे तीनशे घरांत पाणी शिरले. २०२५ मध्ये पाणी त्याहून वर चढले. तात्पुरते बांध घातले होते म्हणून बरेच निभावले.

याच गावाने दिवसाला पाचच मोठी जहाजे घेण्याचा करार २०२४ पासून लागू केला. पण शनिवारी जहाजेच नकोत, हा ठराव त्याच वर्षी ऑक्टोबरात मतदानाला आला तेव्हा लोकांनी तो पाडला. वाचून मी चिडले. घर बुडते आहे आणि यांना गिऱ्हाईक हवे! मग आठवले, मामूच्या घराचा स्लॅब त्याच जहाजांच्या पगारातून पडला, आणि माझ्या बी.एड.ची फी मामूनेच भरली होती. जुनोच्या त्या मतदारावर रागवायला मी कोणत्या तोंडाने उभी राहू? तो निदान पुराच्या काठावर राहून मत देतो. मी हजारो मैल लांब आहे, आणि माझी फी फिटलेली आहे.

हे सगळे भावाला सांगितले. तो हसला. म्हणाला, "बाजी, आम्हांला घरच्या माणसासाठी सवलतीत तिकीट मिळतं. पुढच्या मोसमात येतेस?"

मी नाही म्हटले नाही. मागल्या आठवड्यात पासपोर्टचा अर्ज भरला. वर्गात अजून सांगितलेले नाही. मागच्या बाकावरची ती मुलगी काय विचारेल, ते मला ठाऊक आहे.