सायकल धोकादायक, पण कोणामुळे?

२०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यात दुचाकीस्वार सुमारे ४४ टक्के, सायकलस्वार जेमतेम ३. म्हणजे सायकल सुरक्षित? भागायचं कशाने, हे ठरवल्याशिवाय या टक्क्यांना अर्थ नाही. दर किलोमीटरमागे मोजलं तर हळू जाणारी सायकल वाईट दिसते, दर तासामागे मोजलं तर तीच बरी दिसते.

नेदरलँड्समधल्या २०१० च्या एका अभ्यासाचा हिशोब असा: कार सोडून सायकल घेतली तर व्यायामाने आयुष्य ३ ते १४ महिने वाढतं, अपघातांमुळे ५ ते ९ दिवस घटतं. रविवारचे सायकलवाले हे आनंदाने सांगतात. पण वाळूजच्या पंढरपुरातून शिफ्टला निघालेला कंत्राटी कामगार कार सोडून आलेला नाही. आठ तास उभं राहून त्याचा व्यायाम झालेलाच असतो. आणि नगर रोड म्हणजे ॲमस्टरडॅम नव्हे.

माझा आक्षेप ‘धोकादायक’ या विशेषणालाच आहे. सायकलसकट ८० किलोंचा माणूस ताशी १५ किलोमीटरने जातोय आणि शेजारून २५ टनांचा ट्रक ५० ने. दोघांच्या गतिज ऊर्जेत जवळपास साडेतीन हजार पटींचा फरक. धोका आणतो एक, भोगतो दुसरा आणि बदनाम होते सायकल.

‘हप्त्यावर गाडी घेऊन टाक’ हा सल्ला वाळूजमध्ये सहज मिळतो. बजाजचा कारखाना इथे १९८५ पासून आहे. तो ऐकून कामगार स्वतः किती सुरक्षित होतो, हे वरच्या टक्क्यांवरून सांगता येत नाही. रस्त्याच्या कडेने पायी जाणाऱ्याला मात्र त्याच्यापासूनचा धोका नक्की वाढतो.