आधी न्याहारीचं बोल

साखर बंद. मैदा बंद. दूध बंद. आता म्हणे गहूही बंद! नऊ वर्षांचं पोर आहे रे ते, त्याला जन्माची एकादशी लावतोस काय? एडीएचडीचं निदान झाल्यापासून तू गुन्हेगार शोधत हिंडतोयस. सापडला कोण, तर बेसनाचा लाडू.

साखरेची झडती कधीच घेऊन झाली. १९९५ साली आधीच्या चाचण्या एकत्र तपासल्या, साखरेनं मुलं बिघडतात असं काही निघालं नाही. १९९४ चा प्रयोग तर मुद्दाम वाच. काही आयांना सांगितलं, तुमच्या मुलाला भरपूर साखर पाजलीय. पाजलं होतं बिनसाखरेचं ॲस्पार्टेम. तरी त्यांना आपलं पोर जास्तच चळवळं दिसलं! इंजिनिअर असून तू त्याच रांगेत?

खाण्याच्या रंगांत थोडं तथ्य आहे, कबूल. साउथॅम्प्टनच्या २००७ च्या अभ्यासानंतर युरोपात सहा कृत्रिम रंगांसाठी पाकिटावर इशारा छापावा लागतो. परिणाम छोटा, तोही सगळ्यांवर सारखा नाही. मग कर ना बंद ती भडक सरबतं, कोण अडवतंय? पण तेवढ्यावर एडीएचडीची गोळी परस्पर थांबवायला निघालास, कोणी सांगितलं? डॉक्टरांनी, की भावकीच्या ग्रुपनं?

गहू-दूध काढायचंच असेल तर आहारतज्ज्ञाच्या नजरेखाली, मुदत ठरवून, आणि मग एकेक पदार्थ परत देऊन बघतात. तू काय केलंस? एक फॉरवर्ड वाचलास. शाळेत प्रमेयाची एक पायरी गाळली की माझ्याशी भांडायचास. ती अक्कल कुठे गहाण टाकलीस?

मिथिलफेनिडेटनं भूक मरते, हे तुला सांगितलं होतं. मग गोळीच्या आधी पोटभर न्याहारी का नाही? तुला लवकर उठवत नाही म्हणून! पोर एक बिस्किट चावत बस गाठतं, डबा तसाच परत येतो आणि बोलणी त्यालाच. संध्याकाळी औषध उतरतं, भूक खवळते. तेव्हा थालीपीठ, अंडं, उसळ-भात समोर हवं. तेव्हा साहेब जिममध्ये. लोह तपासायची चिठ्ठी अजून पाकिटात घडी घालून आहे. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल मात्र त्याच रात्री मागवल्यास, आणि त्यांचा उपयोग झालाच तर किरकोळ! पोराचं वजन शेवटचं कधी केलंस? आठवत नाही ना?

वेळ नाही म्हणू नकोस. पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचायला तुला रात्री एक वाजेपर्यंत वेळ असतो.

उद्या सकाळी गोळीआधी काय खाऊ घालणार? ‘बघतो’ नको. पदार्थाचं नाव सांग.